पाडलेल्या घराचे लाकूड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्याआधी जी व्याख्याने झाली, त्यांचे विषय संतवाङ्मय, मराठी रंगभूमी आणि मराठ्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या असे भारदस्त होते. कोलकात्यात उभे राहून त्या शेवटच्या विषयावर बोलण्यास विद्वत्तेइतकेच धैर्यही लागते, आणि आमच्यापाशी दोन्हींची वाण आहे. आम्ही इतिहास घेऊन बी.ए. झालो, केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि बदल्यांमागून बदल्या घेत आपल्या या शहरात येऊन पोहोचलो. रंधा हातात आला तो अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. तेव्हा आजचे भाषण सुतारकीच्या शास्त्रावर नसून, पाडलेल्या घराचे लाकूड पुन्हा घरात कसे आणावे एवढ्यापुरतेच आहे.

हा विषय सुचवला तो कार्यवाहांनी. आमच्या जेवणाच्या टेबलापाशी बसले असताना त्यांनी त्याच्या पायाला पडलेल्या दोन आरपार भोकांविषयी विचारले आणि आम्ही अर्धा तास थांबलो नाही. ती शिक्षा आता आपण सर्वांनी भोगावयाची आहे.

आपल्यापैकी पुष्कळांचे गावी घर आहे, किंवा होते. ज्यांचे होते त्यांना अनुभव आहेच. ज्यांचे आहे त्यांच्यावर आज ना उद्या हा प्रसंग यावयाचाच आहे. आमचे घर सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी. पणजोबांनी बांधलेले, पांढऱ्या मातीचे आणि सागवानी लाकडाचे. खाली ओटी, माजघर, स्वयंपाकघर, वर माडी, माडीखाली कडीपाट. वडील २०१५ साली वारले आणि आई आमच्याकडे कोलकात्यास आली. गावी राहिले ते धाकटे बंधू आणि त्यांचे कुटुंब. पावसाळ्यात उत्तरेकडील भिंत पाझरत असे, माडीचा जिना मुलांना धोक्याचा झाला होता, आणि मागील दोन खणांना वाळवी लागली होती. त्यांनी जुने घर उतरवून तेथेच सिमेंटचे नवे घर बांधण्याचे ठरविले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. परगावी राहणाऱ्या भावांना अशा वेळी जुन्या घराचा उमाळा येतो. आम्हांसही आला. परंतु वर्षातून आठ दिवस ओटीवर बसून चहा पिणाऱ्याने, उरलेले तीनशे सत्तावन्न दिवस गळक्या छपराखाली काढणाऱ्याला घर जपण्याचा उपदेश करू नये, असे आमचे मत आहे. बंधूंचा निर्णय योग्य होता. लाकूड एकगठ्ठा विकून येणारी रक्कम नव्या घराच्या पायात घालावी हेही योग्यच होते. आम्ही एवढेच ठरविले की, आम्हांस जे लाकूड हवे ते त्याच व्यापाऱ्याकडून, तो सांगेल त्या दराने विकत घ्यावयाचे, म्हणजे बंधूंच्या रकमेत घट येणार नाही. स्वतःच्या माजघराची तुळई आम्ही घनफुटाच्या भावाने घेतली. व्यापाऱ्याने ती मोजताना फीत आम्हांसच धरावयास लावली.

काय आणावे हे आईला विचारले. चौपन्न वर्षे ती त्या घरात वावरली होती. आमची अपेक्षा होती की ती मोठ्या दिंडी दरवाजाचे नाव घेईल. त्यावर पितळी फुले होती आणि पाहुणे त्याचेच फोटो काढीत. ती म्हणाली, "दार नको. दार तिथल्या रस्त्यासाठी होतं. माजघरातली तुळई आण, तुम्हां तिघांचा पाळणा तिलाच होता." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि देवघराचा उंबरठा आण. पण त्यावर कुणाला बसवू नकोस."

दार व्यापाऱ्याकडे गेले. महामार्गावरच्या एखाद्या हॉटेलात ते काचेखाली टेबल होऊन पडले असेल. तशी टेबले आपण पाहिली असतील: आडव्या केलेल्या दारावर जाड काच, काचेखाली कडी, कोयंडा आणि त्यांवर बसलेली धूळ. आम्हांस ती पाहवत नाहीत. दार उभे असते. त्याला आडवे करून त्यावर सूप ठेवणे ही काही जुन्याची जपणूक नव्हे.

आता प्रत्यक्ष लाकडाविषयी. जुन्या सागवानाची थोरवी सर्वजण गातात, पण तिची कारणे समजून घेतल्यास निवड सोपी जाते. झाडाच्या खोडात आतला गाभा आणि बाहेरचा फिकट, रसवाहक भाग असे दोन भाग असतात. टिकाऊपणा आहे तो गाभ्यात. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्ये असतात आणि त्यांतील काही वाळवीला मानवत नाहीत. पूर्वी मोठी, वयस्क झाडे तोडली जात, त्यामुळे एका तुळईत जवळजवळ सगळा गाभाच मिळे. आज लागवडीचा साग कोवळ्या वयात तोडला जातो. त्याच्या फळीत फिकट पट्टे अधिक असतात. दुसरे कारण असे की शंभर वर्षे छपराखाली राहिलेले लाकूड पूर्ण सुकलेले असते. नव्या ओल्या लाकडाला सुकताना पीळ पडतो, भेगा जातात. जुन्याला जे वाकावयाचे ते त्याने आधीच वाकून घेतलेले असते.

मात्र जुने लाकूड म्हणजे मेलेले लाकूड, असे समजू नये. हवेतील ओलावा ते अजूनही घेते आणि सोडते. फळी लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते. आमची २०१८ साली दिल्लीस बदली झाली. तेथील मे महिन्यात आमच्या टेबलाच्या फळ्यांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडली. २०२२ साली परत येथे आलो, जुलै उजाडला आणि फट मिटली. म्हणून टेबलाची फळी खालच्या चौकटीला कधीही सर्व बाजूंनी जखडून टाकू नये. स्क्रूची भोके थोडी लांबट ठेवावीत, म्हणजे फळीला सरकण्यास जागा राहते. जखडलेली फळी शेवटी मधोमध तडकते.

घर उतरविताना पाहावयाचे ते मुख्यतः टोकांकडे. तुळईचे मधले अंग खणखणीत असले तरी तिची जी टोके भिंतीत पुरलेली असतात, त्यांना वर्षानुवर्षे ओल लागलेली असते. ती कुजलेली किंवा वाळवीने पोखरलेली निघतात. दोन्हीकडून हात-दीड हात जाणार असे धरूनच हिशेब करावा. हातोडीने ठोकून पाहावे: भरीव लाकूड ठणठणते, पोकळ लाकूड बद्द बोलते. पटाशीचे टोक सहज रुतले तर तो तुकडा बंबात. आणि लाकडाखाली बारीक पिठासारखी पूड दिसली तर किडा अजून आत आहे असे समजावे. असे लाकूड चांगल्या लाकडाजवळ ठेवू नये. टाकणखार आणि बोरिक अॅसिड यांचे पाण्यातील द्रावण भरपूर लावून वाळवणे हा त्यावर साधा उपाय आहे.

आम्ही घेतले ते असे: नऊ फूट लांबीच्या, आठ इंच बाय सहा इंचांच्या चार तुळया, कडीपाटाच्या साडेसहा फुटी बावीस फळ्या, माडीच्या जिन्याच्या अकरा पायऱ्या, माजघरातील फडताळाची दारे, आणि देवघराची चौकट उंबरठ्यासह. सारे मिळून अठ्ठावीस घनफूट. सागवान घनफुटाला अठरा किलोच्या आसपास भरते, म्हणजे सुमारे अर्धा टन.

हा अर्धा टन साताऱ्याहून कोलकात्यास आणावयाचा तर कागदपत्रे हवीत. आम्ही सरकारी माणूस, आम्हांस कागदाचा कंटाळा नाही. पण इतरांना सावध करणे इष्ट. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४१ अन्वये राज्ये इमारती लाकडाच्या वाहतुकीचे नियम करतात, आणि नाक्यावरील माणसाला आपल्या पणजोबांशी कर्तव्य नसते. घर पाडल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला, उतरविण्यापूर्वीचे फोटो, व्यापाऱ्याची पावती आणि मापांची यादी जवळ ठेवावी; आणि माल हलविण्यापूर्वी वन खात्याच्या स्थानिक कार्यालयात जाऊन आपल्या लाकडास परवाना लागतो काय याची लेखी विचारणा करावी. आमचा ट्रक एकदाही अडला नाही. अडला असता तर सात कागद दाखविण्याची आमची तयारी होती, याचे थोडे वाईटच वाटले.

एकदा लाकूड दारात आले की कोलकात्यातील मिस्त्री ते पाहून नाक मुरडील असे वाटले होते. झाले उलटेच. आमच्याकडे कामास आलेला वृद्ध मिस्त्री फळ्यांवरून हात फिरवीत म्हणाला, "कडी-बरगा?" बंगालीत छताच्या तुळयांना आणि आडव्या लाकडांना कडी-बरगा म्हणतात. आम्ही म्हटले, "कडीपाट." कडी हा शब्द दोघांचाही निघाला. त्यानंतर आम्हां दोघांत हिंदीची फारशी गरज पडली नाही.

कडी-बरग्याची गोष्ट आलीच आहे तर इतिहासाच्या पदवीधराला चार वाक्ये माफ असावीत. उत्तर कोलकात्यातील जुन्या वाड्यांचे बरेचसे सागवान ब्रह्मदेशचे. १८२६ साली तेनासेरीमचा किनारा इंग्रजांच्या हाती आला आणि मोलमेन बंदरातून साग बाहेर पडू लागला. १८६३ साली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. पुढे याच कंपनीवर, ओंडक्यांचा पुरता कर न भरल्याच्या आरोपावरून, थिबा राजाच्या दरबाराने जबर दंड बसविला. तो इंग्रजांना आयता बहाणा मिळाला. १८८५ च्या युद्धात थिबाचे राज्य गेले आणि राजा कैदी होऊन आला तो कोठे, तर आपल्या रत्नागिरीस! १९१६ साली तो तेथेच वारला. रत्नागिरीच्या मंडळींना थिबा पॅलेस ठाऊक असतो. पण त्या राजाच्या जंगलातील साग शोभाबाजार, बागबाजारच्या घरांत डोक्यावर उभा असतो हे इकडे आल्यावरच कळते. तीच घरे आज एकेक करून पडत आहेत. त्यांच्या खडखड्या, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांच्या खिडक्या, जुन्या मालाच्या दुकानांतून रस्त्यावर उभ्या दिसतात.

नवे लाकूड दुर्मीळ का झाले हेही थोडक्यात. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने लाकडाऐवजी इतर साहित्य वापरण्यावर भर दिला. १९९३ साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या इमारतींत लाकूड वापरणे बंद केले. ती बंदी २०२० साली उठली. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध आदेश झाला आणि वृक्षतोडीला मोठा लगाम बसला. २०१४ साली म्यानमारने ओंडक्यांची निर्यात थांबविली. ही बंधने हवीतच. पण मग जे लाकूड एकदा तोडून झाले आहे, त्याची आपण चूल पेटवावी हे मात्र समजत नाही.

आता काम. पहिले आठ दिवस केवळ खिळे काढण्यात गेले. जुने खिळे लोहाराने घडविलेले, चौकोनी. ते पकडीने ओढले तर माथा तुटतो आणि धड आत राहते. मागून ठोकून थोडे वर आणावे, मग काढावे. एक राहिलेला खिळा करवतीचे पाते खातो, म्हणूनच करवत गिरणीवाले जुने लाकूड घेण्यास तयार नसतात. आम्ही दोऱ्याला बांधलेले लोहचुंबक प्रत्येक फळीवरून फिरविले. लेकीने हे काम अंगावर घेतले आणि गोळा झालेले खिळे मोजले. चारशे बारा. त्यांतले शंभरएक सरळ करून बरणीत ठेवले आहेत. कशासाठी, हे विचारू नये.

रंगाविषयी मात्र गांभीर्याने सांगतो. फडताळाच्या दारांवर हिरव्या तेलरंगाचे थर होते. जुन्या रंगांत शिसे असते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्यापूर्वीच्या रंगाचा भरवसा धरू नये. असा रंग कोरडा घासू नये, दिव्याने जाळू नये, आणि घरात लहान मूल असेल तर हे काम घरात करूच नये. ओला करून, तोंडाला मास्क बांधून खरवडावा आणि खरवड गोळा करून बांधून टाकावी. दुसरा मोह रेल्वेतील मित्रांचा: जुने लाकडी स्लीपर. लाकूड उत्तम असते, पण ते अनेकदा क्रिओसोटमध्ये मुरविलेले असते. त्याची वस्तू घरात, विशेषतः जेवणाखाण्याजवळ, ठेवू नये.

वस्तू कोणती करावी हा प्रश्न लोक चित्रांची पुस्तके पाहून सोडवितात. आमच्या मते तो लाकडाला विचारावा. साडेसहा फुटी फळी टोके कापून साडेपाच फूट उरली. नऊ इंचांची रुंदी कडा रंधून साडेआठ झाली. चार फळ्या शेजारी ठेवल्या की चौतीस इंच. हे टेबल झाले. सहा माणसांचे माप आम्ही ठरविले नाही, ते फळ्यांनीच ठरविले. जिन्याच्या पायऱ्या मधोमध पायांनी झिजून किंचित खोलगट झाल्या होत्या. मिस्त्रीला त्या रंधून सपाट करावयाच्या होत्या. आम्ही तशाच ठेवून त्यांचे स्टूल केले. बसावयास त्या फार सुखाच्या आहेत. फडताळाची दारे पुस्तकांच्या कपाटाला लागली. आणि उंबरठ्याचे, आईच्या अटीप्रमाणे, देव्हाऱ्याचे बूड झाले. तेथे कोणी बसत नाही.

राहिली तुळई. तिला पाळण्याच्या कड्यांची दोन आरपार भोके होती. मिस्त्री म्हणाला, तेवढा भाग कापून टाकू, नाहीतर भुसा आणि सरस भरून बुजवून टाकू, पॉलिशखाली दिसणार नाही. तो कारागीर होता. भोक ठेवणे त्याला कामचुकारपणा वाटत होता, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही होते. दोन दिवस हा वाद चालला. तिसऱ्या दिवशी आई काठी टेकीत बाहेर आली, तुळईच्या टोकाशी बसली आणि भोकात करंगळी घालून पाहिली. कडीच्या घर्षणाने भोकाची खालची कड गुळगुळीत झाली होती. ती मराठीत म्हणाली, "तीन पोरं झोपवली ह्याच्यावर. आणि एक नाही राहिलं." आमच्या पाठीवर एक बहीण होऊन गेली होती, तिचा उल्लेख आईच्या तोंडून आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकला. मिस्त्रीला शब्द कळले नसावेत. त्याने पेन्सिल कानामागे लावली आणि कापण्याची खूण पुसून टाकली. ती दोन भोके टेबलाच्या दर्शनी पायात आहेत.

टेबलाचा सांधा कसा आहे हे मात्र बदलीच्या नोकरीतील मंडळींनी अवश्य पाहावे. सरकारी क्वार्टरमध्ये भिंतीला काही ठोकता येत नाही, दारे अरुंद असतात, आणि दर तीन-चार वर्षांनी सामान ट्रकवर चढते. म्हणून आडवे लाकूड पायाच्या खाचेतून आरपार काढून त्याच्या बाहेर आलेल्या कुसवाला छिद्र पाडले आहे आणि त्यात लाकडी पाचर ठोकली आहे. खिळा नाही, सरस नाही. पाचर ठोकली की चौकट आवळते. उलट बाजूने ठोकली की सुटते. हा सांधा पुरातन आहे, आमचा शोध नव्हे. दहा मिनिटांत टेबलाचे पाच तुकडे होतात. दिल्लीस गेले, परत आले, आणि चार वर्षांत एकदाही डुगडुगले नाही. पॉलिशही साधेच: चपडी लाख स्पिरिटात विरघळवून तीन हात, आणि टेबलाच्या पृष्ठभागावर केवळ जवसाचे तेल, कारण लाखेवर गरम भांडे ठेवले की पांढरा डाग पडतो. गडद रंग देऊन लाकूड अधिक जुने दाखविण्याची जी पद्धत आहे तिची गरज नाही. ते पुरेसे जुने आहे.

एक परिणाम आम्हांस अनपेक्षित होता. आमची लेक जबलपूरला जन्मली, दिल्लीत आणि येथे शिकली. मराठी ती चांगली बोलते, पण ते स्वयंपाकघराचे आणि सणावारांचे मराठी. माजघर म्हणजे काय, खण कसा मोजतात, तुळई आणि वासा यांत फरक काय, आडणा कशाला लागे, हे शब्द तिला शिकविण्याचा प्रसंगच कधी आला नव्हता. सिमेंटच्या घरात त्या शब्दांना काही कामच उरत नाही. खिळे काढता काढता तिने आजीला विचारले आणि आजी सांगत गेली. नंतर तिने मापांच्या यादीवर आपल्या अक्षरात नावे लिहिली: तुळई, कडी, पाट, चौकट, गणेशपट्टी. आमच्या यादीत "लाकूड क्र. १, लाकूड क्र. २" असे होते, सरकारी सवय. आता तिची यादीच कपाटाच्या दाराला आतून चिकटविली आहे.

आई त्या टेबलापाशी चार वर्षे तांदूळ निवडीत असे. डिसेंबर २०२० मध्ये ती दिल्लीस वारली.

खर्चाचा हिशेब मागितला जाईल म्हणून देऊन टाकतो. २०१६ सालचे हे आकडे आहेत. लाकूड अठ्ठावीस घनफूट, चौदाशे रुपयांप्रमाणे, ३९,२०० रुपये. वाहतूक १४,००० रुपये. मिस्त्रीचे सव्वीस दिवस, सहाशेप्रमाणे, १५,६०० रुपये. पॉलिश, पाती, स्क्रू आणि किरकोळ ४,२०० रुपये. एकूण ७३,००० रुपये. यात टेबल, दिवाण, कपाट, देव्हारा, चार स्टूल आणि दोन पाट झाले. एवढ्या पैशांत दुकानातून भुश्याच्या दाबलेल्या फळ्यांचा चकचकीत संच मिळाला असता आणि रविवारही मोकळे राहिले असते. जुने वापरले की स्वस्त पडते, हा समज कोणी करून घेऊ नये.

ज्यांचे गावी घरच नाही, किंवा वाटणीत लाकूड हाती आले नाही, त्यांनी खट्टू होण्याचे कारण नाही. आपल्या पहिल्या बदलीतील खोकी आठवा. चीड किंवा आंब्याच्या फळ्यांची ती खोकी रिकामी झाली की दोन शेजारी ठेवून, वर गादी आणि सोलापुरी चादर घालून, आपणा सर्वांच्या घरी दिवाण झालेला आहे. शहरात लाकूड पाहावयाचे तर निमतल्याच्या वखारींकडे एक फेरी मारावी. रसेल स्ट्रीटवरील लिलावघरांपैकी आता थोडीच उरली आहेत, पण तेथे मोडक्या पलंगाचे चांगले पाय मिळू शकतात. चेन्नईकडे बदली झाली तर चेट्टिनाडमधील कराईकुडीला जावे. तेथील मोठमोठ्या घरांचे खांब, दारे, पेट्या जुन्या मालाच्या दुकानांतून मांडलेल्या असतात. मात्र दुसऱ्याच्या घराचे लाकूड घेताना ते कोणत्या घराचे, एवढे विचारून मापांच्या यादीवर लिहून ठेवावे. दुकानदार बहुधा सांगतो.

शेवटी मंडळाच्या कामाचे. आपल्या कोठीत नाट्यशाखेच्या जुन्या नेपथ्याच्या चौकटी, गणेशोत्सवाच्या मखरांचे सांगाडे आणि पहिल्या भाड्याच्या जागेतील दोन मोडकी बाकडी पडून आहेत. आम्ही कार्यवाहांच्या परवानगीने ती तपासली. नेपथ्याचे लाकूड हलके आहे, पण मागच्या बाजूला चालेल. बाकड्यांच्या बैठका मात्र सागवानी निघाल्या. एकीच्या खालच्या बाजूस खडूने "परत करणे" असे लिहिले आहे, कोणास ते समजले नाही. वाचनालयातील जी पुस्तके आज जमिनीवर आहेत, त्यांना पुरेल असे सहा फुटी एक कपाट त्यांतून होते. मापे काढून झाली आहेत. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता खिळे काढण्यास सुरुवात करू. पकडी तीन आहेत, लोहचुंबक एक. ज्यांच्याकडे हातोडी असेल त्यांनी ती आणावी.